फाटकाचे दुसरे टोक

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो, आणि मला आजवर कोणीही फोडू शकलेले नाही. ही फुशारकी समजू नका. एके काळी हेच वाक्य मी छाती फुगवून म्हणत असे. आता म्हणताना जीभ अडखळते. माझी गोष्ट गोड नाही. पण ती तुम्हीच ऐकायला हवी, कारण सुट्टीच्या दिवशी कुरणाच्या कडेने फिरायला जाणारे तुम्हीच.

माझा जन्म एका काळवंडलेल्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर एका कानाने बहिरा होता. किल्ली फिरवून तो मला चांगल्या कानाशी धरायचा आणि माझी ‘खट्’ मनासारखी वाजली नाही की कपाळाला आठ्या घालून पुन्हा कानस हातात घ्यायचा. पुढे मी लोखंडी सामानाच्या दुकानात आलो. दुकानदार मला गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘‘हत्ती बांधा, हत्ती.’’ हत्ती काही माझ्या नशिबी नव्हता. एका म्हाताऱ्या गाडीवानाने मला घोडीच्या कुरणासाठी विकत नेले.

कुरण वस्तीबाहेर, डांबरी रस्त्याला लागून होते आणि घर टेकाडाच्या पलीकडे, म्हणजे हाक मारली तरी ऐकू न जाणारे. घरात तिघे जण. म्हातारा, त्याची थोरली सून आणि धाकटा मुलगा. सुनेचा नवरा लांब बंदरावर कामाला. तो पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. म्हाताऱ्याची नजर अधू झाल्यापासून गाडी सूनच हाकायची. वखारीतली लाकडे घरोघर पोहोचवायची, त्यावर चूल पेटायची. घोडी तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती सुनेने माहेराहून आणली होती. सुनेचे वडील नालबंद. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकता ठोकता म्हातारे झाले आणि गेले. या घोडीची आई वितानाच मेली, तेव्हा बाप-लेकीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. वडिलांची म्हणून सुनेजवळ दुसरी एकही वस्तू नव्हती.

आता फाटकाबद्दल नीट ऐका, कारण सगळे तिथेच आहे. ते म्हाताऱ्याने स्वतः बसवले. खांबात दोन लोखंडी खुंट्या असतात आणि फाटकाच्या कड्या त्या खुंट्यांवर अडकवतात. खालच्या खुंटीचे टोक वर. वरच्या खुंटीचे टोक मात्र म्हाताऱ्याने मुद्दाम खाली वळवून बसवले होते, म्हणजे कोणी फाटक उचलू म्हणेल तर ते वरच्या खुंटीला अडावे. त्या टोकाला खुंट्या, या टोकाला साखळी आणि मी. येणारे-जाणारे कौतुक करायचे ते माझे. खुंट्यांकडे कोण बघतो?

घोडीला शिंगरू झाले आणि सुट्टीच्या दिवशी कुरणाला जत्रेचे रूप आले. लोक गाड्या उभ्या करायचे, फाटकाच्या आडव्या पट्ट्यांवर चढून बसायचे, काही तर सरळ आत उड्या टाकायचे. सगळ्यांच्या हातात पाव. त्यात एक चष्मेवाले गृहस्थ होते, खांद्यावर लेक घेऊन न चुकता येणारे. माणूस अगदी भला. शिंगराला बोटाने कुरवाळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे. सुनेने फाटकावर पाटी लावली, हात जोडून सांगून पाहिले. पावाने घोड्याच्या पोटात कळ उठते, कधी जिवावर बेतते, हेही सांगितले. लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ फिरली की खिशातून पाव काढायचे.

एकदा चष्मेवाल्यांना राग आला. म्हणाले, ‘‘अहो ताई, आम्ही काय चोर आहोत का?’’

‘‘तुम्ही नाही हो,’’ सून म्हणाली. ‘‘पण तिला फरक कसा कळणार?’’

त्यांना ते बोलणे लागले. पण पुढच्या सुट्टीला ते आलेच, आणि पावही आला.

घोडी आता कोणीही फाटकाशी उभे राहिले की कान टवकारून धावत यायची. शिंगरू मात्र मुलखाचे बुजरे; आईच्या आडून बघायचे. आणि इतक्या लोकांच्या चढण्या-उतरण्याने फाटक बिचारे लोंबले. जमिनीला घासू लागले. सुनेला ते उघडताना कंबर धरावी लागे. शेवटी धाकटा, म्हणजे तिचा दीर, हत्यारांची पिशवी घेऊन आला. मनाने चांगला, पण सगळ्या कामात घाई. वरच्या खुंटीचा नट गंजला होता, तो हलता हलेना. त्याने शिव्या घालत खुंटी कापून काढली आणि नवी घातली, टोक वर करून. दोन्ही टोके वर. मग फाटक अलगद उचलून दाखवत वहिनीला म्हणाला, ‘‘बघ, पुढच्या वेळी दुरुस्तीला एक मिनिट लागायचं नाही.’’ तिने त्याची पाठ थोपटली. फाटक हलके फिरत होते, तिला तेवढे पुरे होते. म्हातारा घरी खाटेवर होता. मला दिसत होते, पण मित्रांनो, कुलपाला किल्लीशिवाय तोंड उघडता येत नाही.

पुढे म्हाताऱ्याचे दुखणे वाढले. सून आणि धाकटा त्याला दवाखान्यात घेऊन गेले. सुट्टीचा दिवस, भर दुपार. एक बंद गाडी येऊन रस्त्याकडेला थांबली. दोघे उतरले. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, खांद्यावर दोर; अगदी कामावर आल्यासारखे. एकाने मला तळहातावर घेतले, ओढून पाहिले आणि म्हणाला, ‘‘सोड, दणकट आहे.’’ काय सांगू, मी त्या क्षणीही सुखावलो. दुसरा तोवर फाटकाच्या त्या टोकाला पोहोचला होता. त्याने वाकून बघितले आणि नुसता हसला.

फाटक उचलले गेले. मी साखळीसकट तसाच बंद. घोडीला बोलवावेही लागले नाही. पाव दिसला आणि ती आली. तेवढ्यात चष्मेवाले लेकीला घेऊन पोहोचले. त्यांनी दोर बघितला, बूट बघितले आणि काळजीने विचारले, ‘‘डॉक्टरकडे नेताय का?’’

‘‘हो,’’ एक जण म्हणाला. ‘‘जरा फाटक धरता?’’

त्यांनी धरले. माझ्या शेजारी उभे राहून दोन्ही हातांनी धरले. घोडी त्यांच्यासमोरून गेली, जाताना त्यांच्या खिशाला नाक लावून गेली. शिंगरू उधळले, हाती लागेना, तेव्हा चोरांनी त्याचा नाद सोडला. गाडी निघून गेली. गाडीच्या आत घोडी टापा आपटत होती, शिंगरू रस्त्यापर्यंत धावले, आणि या भल्या माणसाने त्याला गोंजारून-हाकलून परत आत घातले. मग घाम पुसत फाटक उचलून जागच्या जागी बसवले, अगदी व्यवस्थित. लेकीला म्हणाले, ‘‘आता शिंगरू सुरक्षित.’’

संध्याकाळी सून आली. मी बंद, फाटक बंद, शिंगरू आत. घोडी तेवढी नाही. तिने किल्ली फिरवली, माझी ‘खट्’ नेहमीसारखी स्वच्छ वाजली. कुंपणाभोवती ती धावत फिरली, हाका मारून मारून तिचा आवाज बसला. मग ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मला उलटेसुलटे करून बघत राहिली.

पोलीस आले. कुलूप तुटले का? नाही. कुंपण मोडले का? नाही. किल्ली कोणाकडे? माझ्याकडेच, ती म्हणाली. जमादाराने मला बोटाने टिचकी मारली आणि तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘मग घोडी काय उडून गेली?’’

माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता, मित्रांनो, आणि म्हणूनच तिच्यावर संशय आला. सासऱ्याच्या औषधपाण्यासाठी गुपचूप घोडी विकली आणि चोरीचा कांगावा केला, असे वखारीत बोलले जाऊ लागले. नवऱ्याने बंदरावरून निरोप पाठवला, खरे काय ते सांग. ज्या बाईने बाटलीने दूध पाजले, तिला लोक हे विचारत होते, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मी होतो. कारखान्यातल्या त्या बहिऱ्या कारागिराने मला इतके चांगले घडवले नसते तर बरे झाले असते, असे तेव्हा मला वाटले. आजही वाटते.

दवाखान्यातून सुटल्यावर म्हाताऱ्याने हट्टाने स्वतःला कुरणापर्यंत आणवले. सुनेने हात धरला होता, धाकटा मागून येत होता. मला म्हाताऱ्याने विचारलेही नाही. खांब चाचपडत तो त्या टोकाला गेला, वरच्या खुंटीवर बोटे फिरवली आणि तिथेच थांबला. मग एवढेच म्हणाला, ‘‘ही कोणी फिरवली?’’ धाकटा खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकून घेतले. वहिनीने त्याला एक शब्द विचारला नाही, हेच त्याला जास्त जड गेले.

पुढच्या सुट्टीला चष्मेवाले आले. खांद्यावर लेक, हातात पाव, आणि चेहरा हसरा. सून फाटकाशीच होती.

‘‘बरी झाली का घोडी?’’ त्यांनी विचारले.

तिला आधी समजलेच नाही. मग त्यांनी कौतुकाने सगळे सांगितले. फाटक कसे धरले, शिंगराला कसे आत घातले. सांगता सांगता तिचा चेहरा बघून ते थांबले. त्यांनी लेकीला खांद्यावरून उतरवले. पुढे त्यांनी पोलिसांत जबानी दिली, तिच्यावरचा आळ गेला, वखारीतली तोंडे बंद झाली. घोडी मात्र सापडली नाही. सून बाजारामागून बाजार फिरली. एका बाजारात कोणीतरी सांगितले, अशी जनावरे लगेच कापायला जातात, ताई, उगाच चपला झिजवू नका. त्यानंतर ती गेली नाही.

उरले शिंगरू. खुंटी पुन्हा उलटी बसली, फाटक पक्के झाले. पण लोकांचे पाव थांबले नाहीत, आणि आई गेल्यावर ते बुजरे पोरही भुकेने फाटकाशी येऊ लागले. तेव्हा सुनेने जे केले ते मी डोळ्यांदेखत पाहिले आहे. ती दिराचा कोट अंगात घालायची, त्याची टोपी डोळ्यांवर ओढायची, रस्त्याच्या बाजूने फाटकावर चढायची आणि पाव पुढे करायची. शिंगरू जवळ आले की पाठीमागे लपवलेला पत्र्याचा डबा फाटकावर बडवायची, ढेकळे मारायची. ते थरथरत पळायचे. ती फाटकावरून उतरून, खांबाला टेकून रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट घालायची. तिचा हिशेब साधा होता. परक्याला घाबरेल, मला ओळखेल. पण शिंगराला कोटाआतला वासही येतच होता ना?

आता त्याचा उमदा घोडा झाला आहे, आईसारखाच तांबूस. फाटकाशी कोणीही उभे राहिले की तो कुरणाच्या पार टोकाला निघून जातो. गाडीला त्याला कधीच जुंपता आले नाही. सून आता वखारीत लाकडे मोजते.

मला चांगले कुलूप म्हणू नका, मित्रांनो. कुलूप लावले की काम झाले, असे समजू नका. फाटकाचे दुसरे टोकही बघा. कोणाच्या कुंपणावर चढू नका, कोणाच्या जनावराला प्रेमानेसुद्धा काही भरवू नका, आणि कोणी जनावर नेत असेल तर मालकाचे नाव विचारल्याशिवाय फाटक धरू नका. तुम्ही भले आहात, हे मला मान्य आहे. जनावराला ते वेगळे ओळखता येत नाही.

रोज संध्याकाळी सून येते. अंगात तिची स्वतःची साडी असते, हातात काही नसते. ती शीळ घालते, वडील घालायचे तशी. घोडा लांबूनच मान वर करून बघतो आणि जागचा हलत नाही. ती थोडा वेळ थांबते, मला दोनदा ओढून बघते आणि घरी जाते.