शिस्तीचा कुत्रा

माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं काहीतरी हरवलेलं असतं. मांजर, अंगठी, क्वचित नवरा. म्हणून दातांचे डॉक्टर समोरच्या खुर्चीत बसून म्हणाले, "माझं काही गेलेलं नाही, उलट मिळतंय. कोण देतंय ते शोधा," तेव्हा मी त्यांना आधी पाणी दिलं.

माझं ऑफिस ड्रायक्लीनरच्या दुकानावर आहे. खालून सतत वाफ येते, त्यामुळे कागद कायम दमट आणि आलेला माणूस घामाघूम. डॉक्टर मात्र कडक इस्त्रीत, ताठ बसले होते. नुकताच दवाखाना बंद केला होता त्यांनी. बोलताना ते माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघत होते. कानाला काही लागलंय की काय म्हणून मी दोनदा रुमाल फिरवला. एवढं समोर दिसत असून मला काही सुचलं नाही, यावरून माझ्या धंद्याची काय ती कल्पना यावी.

"मी गोल्फ खेळतो," ते म्हणाले. "बॉल कुठे गेला ते मारतानाच हाताला कळतं. झाडीत गेला की खोडावर आपटल्याचा आवाजही येतो. पण जाऊन बघावं तर बॉल बाहेर, कापलेल्या गवतावर, जावयासारखा ऐटीत बसलेला."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं?" डॉक्टर माझ्या कानावर कडाडले. "अहो, आमच्यात पंच नसतो. ज्याची चूक झाली त्यानेच ती सांगायची, स्वतःच्या तोंडाने, आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. एवढ्यावर हा खेळ उभा आहे. कुणी माझा बॉल उचलून बाहेर ठेवत असेल तर लबाड मी ठरतो. आता वर्षाच्या कपाची मॅच आली. असा जिंकलेला कप मी घरात ठेवू कुठे? मित्रांपैकीच कुणीतरी हे करतंय. मला नाव हवंय. ते कळेपर्यंत मी कपाला उतरणार नाही. आणि कपाला उतरलो नाही, तर पुन्हा त्या क्लबात पाऊल टाकणार नाही."

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "फुकट मिळतंय म्हणून तक्रार करणारा माणूस? त्याच्याशी जरा जपून वागा. असे फार उरले नाहीत." मी हसण्यावारी नेलं. तिचं ऐकलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी नवशिका खेळाडू म्हणून क्लबात शिरलो. पांढरे बूट, चौकड्यांची टोपी, उसनी काठी. पहिल्याच फटक्याला बॉल जागेवर राहिला आणि मातीचं ढेकूळ उडून एका बाईंच्या सरबतात पडलं. त्यानंतर मला कुणी खेळायला बोलावलं नाही, हे पाळत ठेवायला बरंच झालं. मैदान प्रचंड होतं. मधून कापलेल्या गवताचा पट्टा, दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि झाडीच्या कडेला मी.

माझा संशय वकिलांवर होता. डॉक्टरांचे जुने मित्र. बॉल झाडीकडे वळला की सगळ्यांच्या आधी तेच धावायचे आणि तेच ओरडायचे, "सापडला रे! मोकळ्यावर आहे!" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तर वकिलाच्याच मागे लागलो. एकदा झुडपामागून बघतो तर गृहस्थांनी झाडीतला बॉल उचलून सरळ खिशात घातला. म्हटलं, सापडला चोर! पण बॉल जर वकिलांच्या खिशात, तर बाहेर गवतावर पडलाय तो कुणाचा?

मान वळवली तेव्हा काकू दिसल्या. काकू म्हणजे डॉक्टरांची बायको. बारीक चणीच्या, एका गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. डॉक्टरांची काठ्यांची आणि बॉलची बॅग त्याच ढकलत असत. त्यांच्या हातून रुमाल पडला. त्या कळ सोसून वाकल्या, रुमाल उचलला, आणि तिथे गवतावर लाल ठिपक्याचा बॉल राहिला. डॉक्टर आपल्या प्रत्येक बॉलवर पेनाने असा ठिपका देत, हे मला ठाऊक होतं. मला इतका आनंद झाला की मी टुणकन उठलो, आणि नेमका त्याच वेळी गवताला पाणी घालणारा फवारा सुरू झाला. डिटेक्टिव्हने ओरडायचं नसतं. मी ओरडलो.

खेळ संपल्यावर काकूंनी मला व्हरांड्यात बसवलं, अंग पुसायला टॉवेल दिला. वकीलही येऊन टेकले.

"त्यांनीच तुम्हाला लावलंय ना?" काकू म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. अहो, त्यांना दिसत नाही हो आता. कडेचं दिसतं, मधलं सगळं पुसल्यासारखं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कानाकडे बघितलं तर थोडाफार कळतो."

माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"दवाखाना बंद केला तेव्हा सांगितलं, हात थकले. हात कुठले थकलेत! मला म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. मी पण म्हणते, हो, वाढला असेल. मागे एकदा ते झाडीत बॉल शोधायला गेले. गुडघ्यांवर बसून पालापाचोळा चाचपत होते, आणि मागे लोक खोळंबून उभे. कुणीतरी हसलं. ते मला पुन्हा बघवणार नाही."

"मी कोर्टात पोटासाठी खोटं बोललो," वकील म्हणाले, "इथे मित्रासाठी बोलतो. तुम्हीच सांगा, पाप कशात जास्त?"

काकूंनी माझा ओला हात धरला. "झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या. काहीही सांगा, पण हे नको."

मी मान डोलावली. मला फार बरं वाटत होतं. आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटायचे प्रसंग माझ्या धंद्यात फारसे येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या घरी जाऊन सांगितलं, "कुत्रा."

"काय?"

"माळ्याचा तपकिरी कुत्रा. तो तुमचे बॉल उचलतो."

"झाडीतून उचलतो आणि कापलेल्या गवतावर आणून ठेवतो?"

"शिस्तीचा कुत्रा आहे."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"या डोळ्यांनी."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, ते सोडले. "म्हणजे माझ्या माणसांपैकी कुणी नाही," ते म्हणाले. "मी उगाच मित्रांवर संशय घेतला. लाज वाटते हो मला." आणि ते खरंच लाजले. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्यासमोर शरमेने लाल झाला, आणि मी त्यांच्याच घरचं बिस्किट चहात बुडवत म्हणालो, "होतं असं कधीकधी."

काकूंना आणि वकिलांना मी एवढंच कळवलं की मिटवलं. कसं मिटवलं ते सांगितलं नाही. आपली युक्ती आपल्याशीच ठेवावी म्हणून मी खुशीत होतो. तिथेच माती खाल्ली.

कपाच्या दिवशी डॉक्टरांनी मला खास बोलावलं होतं. बघायला बरेच लोक जमले होते. डॉक्टर सुरेख खेळत होते आणि मी कौतुकाने मागे चालत होतो. मग एक बॉल झाडीत गेला. खोडावर आपटल्याचा टक् असा आवाज मलाही ऐकू आला. काकूंचा रुमाल पडला. वकील ओरडले, "सापडला रे! मोकळ्यावर आहे!"

डॉक्टर आले. वकिलांनी दाखवला तिथून त्यांनी बॉल उचलला आणि हसले. "आज पण? वा रे कुत्र्या! आता हा मूळ जागी ठेवायला हवा."

"कुठला कुत्रा?" वकिलांनी विचारलं.

"माळ्याचा. जनावराने बॉल हलवला तर दंड नाही, पण जिथून हलवला तिथेच परत ठेवायचा. तू एवढा वकील, तुला नियम माहीत नाही? डिटेक्टिव्हने स्वतः पाहिलंय."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांना माहीत होता. मला नव्हता. जगात एवढी झाडं, एवढे उतार, एवढे वारे, आणि मी नेमकं तेच खोटं निवडलं होतं जे त्या माणसाला झाडीत घेऊन जाईल.

"जाऊ दे रे," वकील म्हणाले, "मी ठेवतो."

"माझा बॉल आहे. मीच ठेवणार." डॉक्टर मघाच्या टक् आवाजाच्या दिशेने चालू लागले. झाडीत शिरले. फांदी तोंडावर बसली, ती बाजूला केली. मग ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी पालापाचोळा चाचपू लागले, बॉल आपटला ते खोड कोणतं असेल ते शोधत. मागे लोक खोळंबले. कुणीतरी कुजबुजलं, "दिसत नाही वाटतं यांना." काकूंनी पाठ फिरवली होती. त्यांचे खांदे मला दिसत होते. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं लोक म्हणतात तेव्हा उगाच म्हणत नाहीत.

डॉक्टरांचा हात थांबला. पाल्यातून त्यांनी एक बॉल काढला, एवढ्या लोकांपुढे वकिलांना खिशात घालता न आलेला. आता त्यांच्याकडे दोन होते, दोन्ही हातांत एकेक. ते उठले, गुडघ्यांची माती न झटकता उभे राहिले.

"डिटेक्टिव्ह," त्यांनी हाक मारली. "इकडे या."

मी गेलो. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"दोन्हीवर माझा ठिपका आहे का? बघून सांगा."

खोटं तोंडात तयार होतं. आधीपेक्षा चांगलं होतं. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं, ते मला जाणवत होतं. पण तो माणूस सगळ्या क्लबासमोर मातीने गुडघे माखून उभा होता, तो माझ्या कुत्र्यापायी, आणि माझ्या कानाकडे बघत वाट पाहत होता.

"दोन्हीवर आहे," मी म्हणालो.

"अच्छा." त्यांनी दोन्ही बॉल खिशात टाकले आणि आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्याकडून चूक झालीय. मी मॅचमधून बाहेर. आणि याआधी जिंकलेल्याही धरू नका." वकील बुटाकडे बघत होते. काकू लंगडत पुढे आल्या तेव्हा डॉक्टर त्यांना हळूच म्हणाले, "त्या गुडघ्याने किती वाकलीस गं?" काकूंना रडू फुटलं.

मी हळूच मागे सरकत होतो.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "तिच्यावर मी रागावणार नाही. ती बायको आहे, तो मित्र आहे. माझ्यावर माया करणारी माणसं मला पुरून उरतात. मला एक परका माणूस हवा होता. म्हणून तुमच्या त्या वाफेत येऊन बसलो."

माफी मागावी असं मनात आलं, पण तेवढं तोंड राहिलं नव्हतं.

"आता मला बाहेर न्या," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "लोक बघत असतील तर बघतायत म्हणा. खड्डा आला तर खड्डा म्हणा."

मी त्यांचा हात धरला. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती.

"बघतायत," मी म्हणालो. "सगळेच."

"बरं," डॉक्टर म्हणाले, आणि ताठ मानेने चालू लागले. मला मान वर करवत नव्हती, म्हणून वाटेतले सगळे खड्डे मला नीट दिसले, आणि एकेक करून मी ते त्यांना सांगितले.