रेडिओखालचे जाळीचे कपाट

मित्रांनो, मी एक जाळीचे कपाट आहे आणि आता फार जुने झाले आहे. अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका सायकलच्या दुकानात मागच्या भिंतीला टेकून मी उभे असते. माझ्या खणांत ट्यूबचे तुकडे, वाकलेले स्पोक आणि ग्रीसचे डबे भरलेले आहेत. कधीकाळी इथे दूध, साय आणि लोणी होते असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. माझी हकिकत गोड नाही. तरी ऐका.

देश स्वतंत्र होऊन चार वर्षे झाली होती, तेव्हा बदलापूरजवळ कात्रपला हिरामण सुताराने आपल्या अंगणात मला बनवले. लाकूड चांगले सागवानी होते. दारांना आणि दोन्ही बाजूंना त्याने बारीक तारेची जाळी ठोकली. वारा आत यावा, पण माशीचा पाय आत येऊ नये, अशी ती जाळी होती. मला घ्यायला दिनानाथराव आणि त्यांची पत्नी सुहासिनीबाई आले होते. दिनानाथराव अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. सुहासिनीबाईंनी माझे दार चारदा उघडले, चारदा लावले आणि हसून त्या म्हणाल्या, "अहो, हेच घेऊ या."

अंबरनाथ पश्चिमेला त्यांचे घर होते. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्या दाराशी त्यांनी मला उभे केले. मुंग्या चढू नयेत म्हणून माझ्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. वरच्या खणात दूध आणि विरजण, मधल्या खणात लोणची, खालच्या खणात पिठांचे डबे. दर शनिवारी सुहासिनीबाई मला सोड्याच्या पाण्याने पुसून काढत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्यापुढे थांबत. "कपाट केवढं लखलखीत ठेवलंय हो! आमचं तर दोन महिन्यांत तेलकट होतं," असे कुणी म्हटले की सुहासिनीबाईंचा चेहरा फुलत असे. खरे सांगू का, मीही फुलत असे.

भांडी घासायला कौसाबाई यायच्या. वालधुनी नदीपलीकडच्या एका वाडीत त्या राहत. नवरा भाताची शेती करी. शाळेला सुटी असली की त्यांची मुलगी विठा त्यांच्याबरोबर येई. ती आठ-नऊ वर्षांची होती. दिनानाथरावांची मुलगी वृंदा तिच्याहून थोडी लहान. दोघी माझ्यासमोरच्या फरशीवर बसून चिंचोके खेळत. विठाला प्रत्येक गोष्टीचे कुतूहल असे. माझ्या जाळीला नाक लावून ती म्हणायची, "वृंदा, हितून समदं चौकटी-चौकटीचं दिसतं बघ!"

मग एका दिवाळीला रेडिओ आला.

दिनानाथरावांनी तो उल्हासनगरच्या कॅम्पातून जुना घेतला होता. पेटी लाकडाची, पुढे सोनेरी कापड, आत काचेचे दिवे. गवतात गुंडाळून, खोक्यात घालून तो टांग्यातून घरी आणला. विजेची जागा माझ्या डोक्याजवळ होती, म्हणून तो माझ्यावर ठेवला. दिनानाथराव रोज स्वतः त्याची धूळ पुसत. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला. संध्याकाळी तो सुरू झाला की त्याचे दिवे तापत आणि त्याची ऊब माझ्या फळीपर्यंत उतरत असे.

ती ऊब आणखी कुणाला तरी हवी होती. रेडिओच्या पाठीमागच्या भोकाभोकांच्या पत्र्यातून पहिले झुरळ बाहेर आले, तेव्हा घरात कुणाचे लक्ष नव्हते. ते माझ्या पाठीवरून खाली उतरले, पायाखालच्या वाटीतले पाणी प्यायले आणि परत वर गेले. मुंग्यांसाठी ठेवलेली वाटी झुरळांची पाणपोई झाली!

मित्रांनो, तुम्ही झुरळाला पाहताच किंचाळता. मी मात्र त्यांना अगदी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सांगते. झुरळ चपटे असते, कारण त्याला अशी फट आवडते जिथे पाठ आणि पोट दोन्ही टेकतील. अन्नावाचून ते कितीतरी दिवस काढते. पाण्यावाचून मात्र त्याचे चालत नाही. त्याच्या शेपटीशी दोन बारीक काटे असतात. चप्पल उगारली की तिच्या वाऱ्याची झुळूक त्या काट्यांना आधी कळते आणि चप्पल पडेपर्यंत ते नाहीसे होते. मादी सुटी अंडी घालत नाही. चिंचोक्याच्या रंगाची, छोट्या बटव्यासारखी एक कुपी ती अंधाऱ्या कोपऱ्यात चिकटवून देते. त्या एका कुपीतून दहा-पंधरा पिल्ले बाहेर पडतात. पिल्ले दिसायला आईबापांसारखीच, फक्त पंख नसतात. वाढताना ती कात टाकतात. कात टाकलेले झुरळ थोडा वेळ पांढरेफटक असते, मग पुन्हा तपकिरी होते.

पुढचा पावसाळा संपेपर्यंत माझ्या सांध्यासांध्यांत ती भरली. जागा सोयीचीच होती. वर ऊब, खाली पाणी, आणि हाताच्या अंतरावर मोरी. मोरीचा नळ सारखा ठिबकत असे.

"अहो, एवढा नळ दुरुस्त करून घ्या ना. मोरी कधी वाळतच नाही," सुहासिनीबाई म्हणत.

"करू, करू. नळाचा आणि झुरळांचा काय संबंध?" दिनानाथराव म्हणत.

सुहासिनीबाई बिचाऱ्या रोज मला पुसत, उकळते पाणी माझ्या फटींत ओतत. माझे लाकूड फुगले, फटी वाढल्या, झुरळे तेवढीच राहिली. हळदीकुंकवाच्या बायकांसमोर माझे दार उघडायचे त्यांनी बंद केले. एकदा त्या चिडून मला म्हणाल्या, "मेलं कपाट! झुरळांचं माहेर झालंय नुसतं." मित्रांनो, माहेर माझ्या डोक्यावर होते. पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी एका रविवारी दिनानाथराव झुरळांच्या विषाची पांढरी पूड घेऊन आले. सुहासिनीबाई शेजारी गेल्या होत्या. दिनानाथरावांनीच माझ्या खणांत डब्यांच्या मागेपुढे मूठमूठ पूड टाकली. कुठला डबा बाहेर काढला नाही. तांदळाच्या पिठाच्या डब्याचे झाकण ठेचलेले होते, नीट बसत नसे. पूड त्या झाकणावर पडली. डबा सरकवताना झाकण हलले आणि ती आत गेली. त्यांनी पाहिले, बोटाने वरवर झटकले आणि झाकण दाबून लावले.

"पिठात तर नाही ना पडली?" सुहासिनीबाईंनी आल्यावर विचारले. त्यांना झाकणाच्या कडेवर पांढरे दिसले होते.

"वरवर चिमूटभर पडली असेल. माणसाला काही होत नाही त्यानं. हे किड्यांचं औषध आहे."

तरी त्या पिठाची भाकरी सुहासिनीबाईंनी केली नाही. डबा तसाच मागे सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कसली तरी सुटी होती, म्हणून विठा आली होती. खेळता खेळता तिचा चिंचोका माझ्यामागे गेला. तिने हात घातला, तर हाताला चिंचोक्याऐवजी ती तपकिरी कुपी लागली. रेडिओखालून सुटून ती खाली पडली होती. विठाने तळहातावर ठेवून ती निरखली.

"वृंदा, ही कसली बी गं?"

"आपण कुंडीत लावू या," वृंदा म्हणाली. "काय उगवतं ते बघू."

त्याच वेळी दिनानाथराव कारखान्यात जायला निघाले होते. ते दारात थबकले. त्यांनी विठाचा हात मनगटाशी धरला.

"हे काय आहे? हे तू आणलंस?"

"नाय, साहेब. हितंच गावलं. कपाटामागं."

"झुरळाची अंडी आहेत ही! सुहासिनी, इकडे ये. बघ, मी काय म्हणत होतो? स्वच्छ घरात झुरळं आपोआप होत नाहीत. कुणीतरी आणावी लागतात. हे लोक पदरातून, गाठोड्यातून आणतात."

कौसाबाई हातातले भांडे तसेच धरून मोरीतून बाहेर आल्या. हाताची ओली राख फरशीवर ठिबकत होती. "साहेब, पोरगी खोटं नाय बोलायची. आमच्या झोपडीत खायाला काय असतं, तर झुरळं ऱ्हातील? आमची वस्ती मातीची हाय, पण..."

"उलट बोलू नकोस. उद्यापासून यायचं नाही."

वृंदा रडू लागली. विठा रडली नाही. तिने ती कुपी हळूच फरशीवर ठेवली आणि परकराला हात पुसले. ते हात पुसणे मी अजून विसरले नाही.

दिनानाथराव निघून गेले. सुहासिनीबाईंना वाईट वाटले होते, ते मला दिसत होते. नवऱ्यासमोर त्या बोलल्या नाहीत. आता कौसाबाईला रिकाम्या हाती कसे पाठवायचे, म्हणून त्यांनी माझे दार उघडले. लोण्याच्या भांड्याकडे पाहिले. गुळाच्या डब्याकडे पाहिले. मग वाकून मागे सरकवलेला पिठाचा डबा ओढला.

"कौसाबाई, हे पीठ घेऊन जा. तांदळाचं आहे, चांगलं बारीक दळलेलं. झुरळं फिरलीत थोडी त्यावरनं, औषधही मारलंय. वरचं तेवढं काढून टाक म्हणजे झालं."

"आणि तुमाला, वैनी?"

"आम्ही नवं दळून आणू."

कौसाबाईंनी पदर पसरला. सुहासिनीबाईंनी अख्खा डबा त्यात उपडा केला. वरचे खाली गेले आणि खालचे वर आले. दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आले नाही. मला दिसले. दाराची कडी वाजवायचीही ताकद माझ्यात नव्हती.

काही दिवसांनी कौसाबाई मागच्या दाराशी आल्या. पायरीवर चढल्या नाहीत. केस विस्कटलेले होते.

"वैनी, त्या पिठात काय होतं?"

"का गं? काय झालं?"

"भाकऱ्या केल्या. म्या अर्धी खाल्ली, तर पोटात आग पडली. इठा भुकेली होती. तिनं दोन खाल्ल्या. ओकून ओकून पोर पिवळी पडली. डाक्टरकडं नेईस्तवर..."

सुहासिनीबाईंच्या हातातली पळी खाली पडली. तेवढ्यात मधल्या खोलीतून दिनानाथराव आले. त्यांचा आवाज चढलेला होता. "तुमच्या वाडीत विहिरीचं पाणी कसलं असतं, माहीत आहे मला. पटकीनं गेली असेल. उगाच आमच्या घरावर आळ घेऊ नकोस."

कौसाबाईंनी सुहासिनीबाईंकडे पाहिले. त्या खाली बघत होत्या.

"तसंच आसंल, साहेब," कौसाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या घरात माझे दार कुणी मोठ्याने लावले नाही. वृंदा विचारी, "विठा कधी येणार?" सुहासिनीबाई तिला बाहेर खेळायला पाठवत. झुरळे मात्र होती तशीच होती. थोडी पुडीने मेली, बाकीची वर ऊब घेत राहिली.

उन्हाळ्यात रेडिओचा आवाज घोगरा झाला. दिनानाथराव यंत्रातले जाणकार. भर दुपारी त्यांनी तो माझ्यावरच आडवा केला आणि पाठीमागचा पत्रा खोलला. खिडकीचे ऊन आत पडले, तशी झुरळे भसाभस बाहेर सुटली. पेटीच्या कोपऱ्यांत रिकाम्या कुप्या ओळीने चिकटल्या होत्या. चहाच्या पुडीसारखी विष्ठा आणि टाकलेल्या काती यांचा थर साचला होता. कितीतरी पिढ्या तिथे नांदल्या होत्या.

सुहासिनीबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे ती पोर खरं सांगत होती."

दिनानाथराव खोललेला पत्रा उचलून पुसू लागले.

"अहो, कौसाबाईला जाऊन सांगा."

"काय सांगू? सांगून पोरगी परत येणार आहे का? आणि बोभाटा झाला तर माझ्या नोकरीचं काय होईल?"

त्यांनी रेडिओ झटकून, टर्पेंटाइनने पुसून घेतला. तो त्या घरात राहिला. झुरळांचे कपाट म्हणून बाहेर काढायचे ठरले ते मला.

मला न्यायला सायकलच्या दुकानाचा माणूस आला, त्याच्या आदल्या दिवशी सुहासिनीबाई एकट्याच वाडीत जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांनी पायही धुतले नाहीत. माझ्या रिकाम्या खणासमोर फरशीवर बसल्या. दिनानाथरावांनी विचारले, "काय म्हणाली ती?"

"मी सगळं सांगितलं. रेडिओचं, पिठाचं. म्हटलं, चूक आमची आहे. तर तिनंच माझे हात धरले. म्हणाली, 'वैनी, तुमी सांगितलं हुतं, वरचं काढून टाक म्हनून. म्याच नाय टाकलं. एवढं पांढरं पीठ, टाकवंना.'" सुहासिनीबाईंनी माझ्या खालच्या खणावरून हात फिरवला. "अहो, ती स्वतःलाच दोष देतेय. रोज देतेय. आणि मी कितीही सांगितलं तरी तिला ते पटत नाही."

मित्रांनो, त्या घरातले मी ऐकलेले हे शेवटचे बोलणे. यापुढे मला विशेष काही सांगायचे नाही. घरात झुरळे झाली तर मोरी कोरडी ठेवा, ठिबकणारा नळ आजच दुरुस्त करा, उष्टे-खरकटे झाकल्यावाचून सोडू नका. बाहेरून आलेली पेटी, खोके, पोते अंगणात झटकून मगच आत घ्या, मग ती वस्तू कितीही कौतुकाची असो. विष अन्नाच्या कपाटात कधीही ठेवू नका. आणि तुमच्या आईने कुणाला काही द्यायला माझ्यासारख्या कपाटाचे दार उघडले, तर तिचा हात धरून एवढेच विचारा, "आई, हे आपण खाऊ का?" ती नाही म्हणाली, तर ते कुणाच्याही पदरात पडू देऊ नका.