बॅटरीखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. एका सकाळी मालकांनी मला फाटकाबाहेर काढले आणि पहिल्याच खड्ड्यात माझी बॅटरी खालचा पत्रा फोडून लोंबकळली. मालकांनी बॉनेट उघडून तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. हाताला आले ते पुट्टीचे ढेकूळ आणि काळ्या रंगाचे पापुद्रे.

"अगं, हा पत्रा तर बदलला होता ना?" त्यांनी मलाच विचारले. मला उत्तर माहीत होते, पण मला तोंड नाही.

मालकांचे लग्न झाले त्या वर्षी मी या घरात आले. लोक रस्त्यात थांबवून म्हणत, "काय ठेवलीय हो गाडी!" मालक मिशीत हसत. शेजारी बसलेल्या मालकीणबाई म्हणत, "एवढं मला जपलं असतं तर!"

पण बॅटरी ही वाईट शेजारीण. तिचे अ‍ॅसिड थेंब थेंब गळते आणि खालचा पत्रा गंजत जातो. वरून फारसे दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी मालकांना तो गंज दिसला. त्यांनी मला त्यांच्या बालमित्राकडे नेले. गाड्यांचे पत्रे ठोकण्यात त्याचे आयुष्य गेले, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. "सडलेलं सगळं काप आणि नवा पत्रा वेल्ड कर," एवढे सांगून मालक निश्चिंत मनाने घरी गेले.

संध्याकाळी बाई एकट्याच आल्या. त्यांच्या मोठ्या दुखण्यावरचे उपचार नुकतेच सुरू झाले होते.

"भावजी, किती दिवस?"

"वहिनी, बरंच खोलावं लागेल. पंधरा दिवस धरा."

"मला दिवसाआड दवाखान्यात जायचंय. दुसऱ्या गाडीत बसले की उलट्या होतात. आता नुसतं बुजवा. ह्यांना मात्र सांगू नका, ते ऐकायचे नाहीत. मी बरी झाले की मग नीट करा."

ठोक्याने मान हलवली. गंजावर पुट्टी थापली आणि वरून काळा रंग मारला. दुसऱ्या दिवशी मालकांना म्हणाला, "झालं काम. आता हा पत्रा बदलायचं तुझ्या नातवंडांनी बघावं." मालकांनी त्याला मिठी मारली. मी बघत होते.

बाई बऱ्या झाल्या नाहीत. वर्षभरात त्या गेल्या. ठोक्या आला, माझ्या बॉनेटवर हात ठेवून रडला. बॉनेट मात्र त्याने उघडले नाही. पुढे दोन वर्षे तो येत-जात राहिला, पण माझ्याकडे बघायचे टाळायचा. आत पुट्टीआड गंज पसरतच होता.

त्या सकाळी मालकांनी त्याला बोलावले. फुटका पत्रा बघून त्याने सगळे सांगून टाकले.

"वहिनींनी शब्द घेतला होता रे."

"ती गेली तिथे तो शब्द संपला. नंतर दोन वर्षं काय करत होतास?"

"कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि रस्त्यात बॅटरीच्या तारा पत्र्याला टेकून गाडी पेटली असती, मी आत असताना, मग?"

मालकांनी स्टूल आणून माझ्यासमोर टाकले. "आता कर. मी इथून हलणार नाही."

बॅटरी काढली. सांडलेले अ‍ॅसिड मारायला सोड्याचे पाणी ओतले, फेस थांबेपर्यंत. मग कापायला सुरुवात झाली.

"अजून काप."

"अरे, इथून पुढे चांगला आहे."

"चांगला आहे हे तू सांगू नकोस. ठोकून दाखव."

चकचकीत लोखंड लागेपर्यंत मालकांनी त्याला थांबू दिले नाही. मग पुठ्ठ्यावर माप घेऊन नवा पत्रा बसवला.

मित्रांनो, मला ठोक्याचा राग आहे. बाईंचाही आहे. मालकांनाही त्यांचा राग आला असावा, पण गेलेल्या माणसावर रागवायचे कसे, ते त्यांना कळत नाही. तुम्ही जुन्या वस्तूवर रंग मारण्याआधी आत हात घालून बघा. आणि कुणी विश्वासाने काही सोपवले असेल, तर बुजवलेली जागा त्याला वेळेवर दाखवा.

नव्या पत्र्याच्या खालच्या बाजूला रंग लावायचा राहिला आहे. ठोक्या रोज फाटकाशी येऊन विचारतो, "कधी मारू?" मालकांनी अजून उत्तर दिलेले नाही.