तामलाचा नकार

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्याचं पत्र मंगळवारी आलं. तामलाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रद्द. क्षयाची तपासणी होईपर्यंत नवी तारीख नाही. कारण एका ओळीत होतं: खोकल्यातून रक्त पडतं, असं रुग्णाने स्वतः सांगितलं.

"मो, तुला रक्त पडतं?" सेरमूने आईला विचारलं.

"मला? साधा खोकला तरी ऐकलास कधी?"

"मग हो कशाला म्हणालीस?"

तामलाने या गालातलं पान त्या गालात सरकवलं. "फोनवरचा दुभाषी बर्मी बोलत होता."

पुढे काही विचारायची गरज नव्हती. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीच्या दिवशी सेरमू कारखान्यात कामावर होती, आई शेजारणीबरोबर गेली होती. दवाखान्याने कागदावर 'बर्मा' वाचलं आणि बर्मी दुभाष्याला फोन लावला. तामला मात्र 'करेन' जमातीची, त्यांची भाषा वेगळी. बर्मी तिला समजायची, पण ती सैनिकांची भाषा म्हणून. तिचं गाव दोनदा जळलं ते त्याच भाषेतल्या हुकमांनी. त्या भाषेत कोणी काही विचारलं की 'हो' म्हणायचं, म्हणजे जीव वाचतो, एवढं ती आयुष्यात शिकली होती. नर्सने तिचे लाल ओठ पाहून रक्ताचं विचारलं, आणि हिने मान डोलावली.

"पोरगा चांगला होता गं. मला 'अमे', म्हणजे आई म्हणाला. पण आवाज कानावर पडला की मान आपली आपण हलते. हत्ती चोरलास का विचारलं असतं, तरी हो म्हणाले असते."

सेरमूला हसू आलं नाही. भिंतीला बांधलेल्या मागावर लाल कापड अर्धवट पडलं होतं. निर्वासितांच्या छावणीत याच मागावर आईने तीन पोरं वाढवली. आता उजव्या डोळ्याला खिडकी तेवढी कळायची, डाव्याला तीही नाही. कापड पुढे न्यायचा प्रयत्न सेरमू करत होती. होत होता गुंता.

शुक्रवारी सुट्टी काढून ती आईबरोबर गेली. नर्स घाईत होती. "यांना बर्मी समजतं, नोंद आहे," म्हणत तिने फोन लावला. सेरमू बोलायला उठली, तर आईने तिचा हात दाबला.

"तू बस. आज मी बोलते."

फोनमधून तोच आवाज आला. "अमे, बऱ्या आहात ना?"

तामलाची मान हलायला लागली. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मग सत्तर वर्षांत त्या भाषेत कधी न उच्चारलेला शब्द तिने उच्चारला.

"नाही."

"नाही," ती पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने. "मी करेन आहे. मला करेन माणूस द्या. तोवर मी इथून हलत नाही."

"बरोबर आहे तुमचं, अमे," फोनवरचा तरुण म्हणाला, आणि मग नर्सला इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "त्यांचा हक्क आहे. मी फोन ठेवतो, करेन दुभाषी बोलवा."

चाळीस मिनिटं लागली. तामला ठाण मांडून बसली होती. शेवटी एका बाईचा आवाज आला, "फी, जेवलात का?" आजीला करेन लोक 'फी' अशीच हाक मारतात. तामलाचा चेहरा उजळला. रक्ताचा प्रश्न आला तसा तिने पिशवीतून पानाचा डबा काढला, कागदी रुमाल जिभेवर घासला आणि लालभडक रुमाल डॉक्टरांपुढे धरला.

"हे घ्या माझं रक्त. सोबत चुनाही आहे."

डॉक्टर लिंडक्विस्ट खळखळून हसले. अमेरिकेत येण्याआधी काढलेला छातीचा फोटो फाइलच्या तळाशीच होता, स्वच्छ. त्यांनी ती ओळ खोडायला लावली, स्वतः तारीख दिली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं: करेन दुभाषीच हवा.

तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. तामला घरी आली ती कोट न काढता थेट मागापाशी गेली. लाल कापड नाकाशी धरून तिने ओळ न् ओळ तपासली.

"ही नक्षी कोणी विणली?"

"मी," सेरमू म्हणाली. "बरी आहे ना, मो?"

"नाही," तामला म्हणाली आणि उसवायला बसली.