सहाव्या मजल्याची चावी

रोस्टॉक शहरातल्या त्या सहा मजली इमारतीत हवा वर चढायची, आणि तिच्या मागोमाग शिव्या. काल पाइप दुरुस्त करून पाणी पुन्हा भरलं होतं. पाइपांतली सगळी हवा सहाव्या मजल्यावर, टॉर्बेनच्या खोली गरम करणाऱ्या रेडिएटरमध्ये येऊन बसली होती. ती निघेपर्यंत खालच्या एकाही घरात गरम पाणी फिरणार नव्हतं. टॉर्बेनला राहायला येऊन नऊ दिवस झाले होते. दाराशेजारच्या खिळ्याला लटकणारी पितळी चावी शोभेची असावी, असं त्याला वाटलं होतं.

"शोभेची!" समोरच्या पेट्झोल्डबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं ट्राम चालवल्यामुळे त्या मान वळवून बोलत नसत. "एरेनफ्रीड आजोबांनी आज चमचा वाजवलेला नाही."

तळमजल्यावरचे सत्त्याऐंशी वर्षांचे आजोबा रोज सकाळी पाइपवर चमचा ठोकत. एक ठोका म्हणजे गार, दोन म्हणजे ठीक. आज एकही नाही. बाहेर उणे नऊ अंश.

"दार वाजवा ना त्यांचं!"

"वाजवलं. कान गेलेत त्यांचे. गेल्या वर्षी बंबवाल्यांनी दार फोडलं, तर आजोबा आंघोळीत. तेव्हापासून दार पोलादी. बंबवाल्यांना अर्धा तास लागेल म्हणे. फिरव चावी."

टॉर्बेननं खिळ्यावरची चावी काढून रेडिएटरच्या हवा सोडायच्या स्क्रूवर बसवली. त्यानं चावी फिरवली. फुस्स! सहा मजल्यांची कोंडलेली हवा त्याच्या तोंडावर आली.

"पाव वळसाच हं," बाई म्हणाल्या.

तोवर तीन वळसे झाले होते. स्क्रू उडाला, मागून काळं पाणी. टॉर्बेननं भोकावर अंगठा दाबला.

"काढू नकोस! पाणी गेलं की दाब पडेल, बॉयलर बंद होईल. मग आजोबा..." बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं आणि स्क्रू शोधत रांगू लागल्या.

पाइप कुरकुरला. ऊब चढत चढत थेट अंगठ्यापर्यंत आली.

"बाई, पाणी तापतंय."

"छान!"

"भाजतंय मला."

"म्हणजे खाली पोचलं. गप्प बस, ऐकू दे."

पाइप मुका. मेलेल्या माणसाच्या खोलीतूनही गरम पाणी तितक्याच इमानानं फिरतं, हे टॉर्बेनला सुचलं. सुचलं नसतं तर बरं झालं असतं. अंगठ्याला फोड येत होता. त्यानं तो आणखी घट्ट दाबला.

ठक.

बाईंनी त्याचा पाय धरला.

ठक.

"दोन! आहेत, बाई, आजोबा आहेत!"

ठक.

"तीन म्हणजे काय?" टॉर्बेनचा आवाज फुटला.

बाईंनी त्याच्याच सपातेतून स्क्रू काढला, फुंकर मारून पुसला.

"तीन म्हणजे उकडतंय."

खाली, उणे नऊमध्ये, कुणीतरी खिडकी सताड उघडली.