मास्तरांच्या गळ्यातली मोजपट्टी

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातली एक जुनी मोजपट्टी आहे. जन्मले तेव्हा साठ इंच होते, आज एकोणसाठ आहे. पहिला इंच कामी आला. तीस वर्षांच्या ओढाताणीत एवढं झिजायचंच. उरलेले एकोणसाठ मात्र आजही खरं बोलतात, हे मी, स्वतःला मान नसली तरी, ताठ मानेने सांगते.

कारखान्यातून निघाले ती थेट मास्तरांच्या गळ्यात पडले. न्यायाधीश मोजले, बँडवाले मोजले, एका पहिलवानाच्या छातीला वेढा घालताना तर तुटता तुटता वाचले. मास्तरांची एक रीत होती. गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं की ते मोठ्याने "छत्तीस!" म्हणायचे आणि कागदावर गुपचूप बेचाळीस लिहायचे. गिऱ्हाईक खूश, कपडाही अंगाला बरोबर. मला हे पटायचं नाही, पण मला विचारतो कोण?

पूर्वी माझी दोन्ही टोकं मास्तरांच्या कमरेपर्यंत लोंबायची. पुढे ती वर वर चढत पोटावर येऊन टेकली. मला वाटलं, धुण्यात मीच आटले.

मग मास्तर भरदिवसा मशीनवर पेंगू लागले. समोर काजं करत बसलेल्या मास्तरीणबाई म्हणायच्या, "रात्रभर घोरता, दिवसभर पेंगता. झोपता तरी कधी?"

"घोरणं म्हणजे गाढ झोप!"

"घोरण्याची सवय आहे हो मला. मध्येच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बसते. श्वास चालू आहे का ते बघायला."

मास्तर यावर हसायचे आणि पुन्हा पेंगायचे.

एका सकाळी आमच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आल्या. डावा हात बाहीत सुरेख गेला. उजवा काही केल्या नीट बसेना. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या होत्या!

"कापताना जरा डोळा लागला," मास्तर पुटपुटले.

मास्तरीणबाईंनी कात्री उचलली, पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. "आज बाही गेली, उद्या बोट जाईल. दुकान बंद ठेवलं तरी चालेल."

कात्रीविना मास्तर! त्यांचा चेहरा मला बघवेना. डॉक्टरीणबाईंनी मास्तरीणबाईंकडून सगळी हकिगत ऐकली, मला ओढून घेतलं आणि मास्तरांच्या गळ्याभोवती गुंडाळलं. तीस वर्षं त्या गळ्यात राहिले, पण त्याचं माप कधी घेतलं नव्हतं!

"साडेअठरा!"

"हळू बोला," मास्तर कुजबुजले. "आणि तिचा पहिला इंच गेलाय. एक वजा करा."

"केला. साडेसतरा. हळू बोलल्याने काय कमी होणार आहे?"

"आमच्या दुकानात होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जाड गळ्याच्या प्रत्येकाला हा त्रास असतोच असं नाही, पण तपासायला हवं. घशाभोवती चरबी साठली की झोपेत श्वासाची वाट दबते. श्वास अडतो, झोप मोडते, माणसाला पत्ताही नसतो. मग रक्तदाब चढतो, साखर बिघडते, मरगळ येते, भूक वाढते. वजन वाढलं की वाट आणखी दबते.

"म्हणजे एकीकडे शिवावं तर दुसरीकडे उसवतं," मास्तर म्हणाले.

"म्हणून दोन्हीकडे टाके घालायचे. झोपेलाही आणि वजनालाही."

तपासणीत झोपेत श्वास थांबतो हे दिसलं, साखरही वाढलेली निघाली. झोपताना हवा देणारं यंत्र घरी आलं. मास्तरांनी आधी त्याच्या मुखवट्याची शिवण उलटसुलट तपासली, नावं ठेवली, मगच तो लावला. जेवण आवरलं, रोज चालणं सुरू झालं. काही आठवड्यांत पेंगणं थांबलं आणि मास्तरीणबाईंनी पेटी उघडली. मास्तरांनी नवी बाही कापली. डॉक्टरीणबाईंचा उजवा हात तीत अलगद गेला.

आता दर सोमवारी मास्तरीणबाई मला त्या गळ्याभोवती फिरवतात आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा खरा आकडा सांगतात. माझी टोकंही पुन्हा कमरेकडे निघाली आहेत.

मित्रांनो, घरात कोणी घोरता घोरता गप्प होत असेल तर हसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि माप मोठ्याने, खरं सांगा. गेल्या सोमवारचा आकडा होता साडेसोळा. माझा एक इंच झिजून गेला, मास्तरांचा एक मेहनतीने गेला. आता आम्ही दोघं बरोबरीचे!