अंगाला न लागणारा काळा

भावनाच्या हातची चामड्याची पिशवी सदर बाजारातल्या दुकानातल्या पिशवीपेक्षा मजबूत, हे तिचे वैरीही कबूल करत. रंगाचं मात्र विचारू नका. मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी शेजारच्या यमुताई तिची काळी पिशवी खांद्याला लावून दीक्षाभूमीवर गेल्या, उन्हात घामाघूम झाल्या आणि परतल्या तेव्हा पांढऱ्या लुगड्याच्या पदरावर, अगदी खांद्याशी, वीतभर काळा पट्टा उमटला होता. यमुताईंच्या नवऱ्यानं वारण्याआधी घेऊन दिलेलं ते शेवटचं लुगडं. यमुताईंनी आरडाओरडा केला नाही. पिशवी भावनाच्या ओट्यावर आणून ठेवली आणि तिच्याशी बोलणं सोडलं.

भावनाच्या ते जिव्हारी लागलं. बाईनं चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. पुढच्या वर्षी त्याच खांद्यावर माझीच पिशवी जाईल आणि डाग पडणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. बाजारच्या रंगाला तिनं पुन्हा हात लावला नाही.

यंदा तिनं घरीच लोखंडाचा रंग करायला घेतला. लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणला, साबणानं त्याचं तेल काढलं, बरणीत घालून वर व्हिनेगर ओतलं आणि झाकण सैल ठेवून दोन आठवडे वाट पाहिली. हा रंग वरून बसत नाही. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात तुरटपणा असतो, त्याला लोखंड भेटलं की चामडंच काळं होतं. घरभर आंबूस वास सुटला.

"खिळ्यांचं लोणचं घालून राहिली का वं?" नवरा, दुर्गेश, नाक धरून म्हणाला.

पहिला पट्टा बुडवला तर राखेच्या रंगाचा निघाला. दुसरा तसाच. आठवाही तसाच. धम्मचक्र प्रवर्तन दिन आठवड्यावर आला होता आणि भावनाला रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता?

नववा पट्टा वाळत घालताना तिला भिंतीपलीकडे यमुताई दिसल्या. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली आवळ्याची पूड त्या पांढऱ्या केसांना चोपडत होत्या. पूड कोळशासारखी काळी झाली होती. भावना पाहतच राहिली. मग अभिमान गुंडाळून ठेवला आणि भिंतीशी गेली.

"मावशी, कढईत नुसतं पाणी ठेवलं तर चालत नाही का?"

यमुताईंनी वर पाहिलं नाही. पण चुकीचं ऐकून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"नुसतं लोखंड काय करीन? गंज येईन. आवळ्याचा तुरटपणा नको का त्याले?"

म्हणजे लोखंडात खोट नव्हती, चामड्यातच तुरटपणा कमी होता. घरात आवळा नव्हता. सासऱ्यांच्या पोटासाठी आणलेली हिरड्याची पूड होती, तीही तुरटच. भावनानं अख्खा डबा पाण्यात उकळला आणि पट्टा रात्रभर त्यात भिजत घातला. सकाळी बरणीतलं पाणी लावलं, तसा तो डोळ्यांदेखत काळाकुट्ट झाला. मग तिनं तो खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढला, धुतला, वाळवला आणि तेल चोळलं. अख्खी पिशवी तिनं तशीच रंगवून शिवली.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी सकाळी तिनं पेटीतून लग्नाचं पांढरं लुगडं काढलं.

"पागल झाली का? जुन्या कपड्याच्या धडप्यावर घासून पाह्य," दुर्गेश म्हणाला.

"धडप्यावर घासलं मी. पण दुसऱ्याचं लुगडं खराब झालं होतं न. आता माह्यं झालं तर होऊ दे."

घरापासून दीक्षाभूमीपर्यंत ती भर उन्हात पायी गेली. ब्लाउज घामानं चिंब झाला. पिशवी तिनं एकदाही खांद्यावरून काढली नाही आणि भीतीपोटी एकदाही वळून पाहिलं नाही.

रांगेत मागून कुणीतरी पट्टा उचलला. यमुताई होत्या. अंगावर तेच लुगडं, डाग पदराच्या चुण्यांत दडवलेला. त्यांनी अंगठा ओला करून पट्ट्याखालचा भावनाचा पदर चोळला, अंगठा पाहिला, पुन्हा चोळला. अंगठा कोराच, पदर पांढराच.

मग त्यांनी पिशवी भावनाच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली, बरोबर त्या चुण्यांवर.

"चाल वं," त्या म्हणाल्या, "रांग पुढं सरकून राहिली."